एकहाती

पितळी पाटी आली तेव्हा माझे दोन्ही हात खळीने बरबटलेले होते.

ग्रंथालयातला जुन्या पुस्तकांचा विभाग दुसऱ्या दिवशी उघडणार होता, त्याच्या दारावर ती लागायची होती. ग्रंथपालबाई स्वतः दाखवायला घेऊन आल्या. वर आमच्या ह्यांचं नाव, खाली इंग्रजीत दोन ओळी. हे बाइंडर; त्या विभागातली सगळी पुस्तकं आमच्याकडेच बांधली गेली. आजारपणात उजवा हात कोपराखाली गेला, तेव्हापासून डाव्या हाताने दाभण चालवतात. पुस्तक धरणं, पानं सारखी करणं, दोरा ताणणं, खळ शिजवणं माझ्याकडे.

मुलगी घरीच होती. मी म्हटलं, "वाच गं."

ती 'सिंगल-हँडेड'पाशी अडखळली.

"म्हणजे एका हाताने ना?" मी म्हटलं. "बरोबर आहे की. खरं तेच लिहिलंय."

"नाही आई. म्हणजे एकट्याने. कुणाची मदत न घेता. एकहाती."

"एकहातीच म्हणतेय मी."

"तुझं एकहाती वेगळं. हे एकहाती सत्ता म्हणतात ना, तसलं."

ग्रंथपालबाई गोंधळल्या. "ह्यांनीच सांगितलं होतं, सगळं एका हाताने केलं. मी ते इंग्रजीत घातलं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाटी पुसत होते. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होता अर्थ?"

"मजकूर दाखवला तेव्हा एकाला विचारून घेतला होता," हे म्हणाले. "एका शब्दाचं काय एवढं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बरं वाटलं. हात गेल्यापासून लोक मला अर्धाच धरतात. कुठेतरी पुरा दिसलो."

"मला वजा करून पुरे झालात."

ग्रंथपालबाई म्हणाल्या, पाटी पुन्हा करता येईल, फक्त ह्यांनी सांगावं. हे म्हणाले, "राहू द्या आता. उद्यावर आलंय."

कुणाला वाकडं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम. त्या दिवशी तो दातांखाली धरून पाळला. जपाला बसले तर मणी पुढे सरकेना, नामाच्या जागी तोच शब्द येत राहिला. देवाला म्हटलं, तूच बघ बाबा, इतकी वर्षं मी ह्यांच्या घरात हात म्हणून राहिले आणि पाटीवर हाताचं बोटही नाही. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "उद्याची तयारी केलीस?"

"तुमची तुम्ही करा," मी म्हटलं. त्यात वाकडं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी कापडाने झाकलेली होती. उद्घाटनाआधी ह्यांनी लोकांसमोर एक पुस्तक शिवून दाखवायचं ठरलं होतं. मी पहिल्या रांगेत बसले, हात पदराखाली.

ह्यांनी पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, कोपराने दाबला, दाभण घातली. दोरा ओढायला गेले तर गठ्ठा सरकला. पुन्हा लावला. पुन्हा सरकला. मागे कुणीतरी खोकलं. मुलगी कानाशी म्हणाली, "आई, जा ना. टाळी एका हाताने वाजत नाही, ठाऊक आहे त्यांना."

"ठाऊक आहे म्हणूनच बसलेय."

ह्यांनी मान वर केली. "अगं, धर ना जरा."

"एकहाती काम आहे ना?" मी हळूच म्हटलं. आवाज चढवायची मला सवय नाही, पण खोली इतकी शांत होती की मागच्या भिंतीपर्यंत पोचलं.

ह्यांच्या कपाळावर घाम आला. मला दया आली नाही. येईल म्हणून वाट पाहिली, नाही आली.

मग त्यांनी दाभण खाली ठेवली. "बाई," ते ग्रंथपालबाईंना म्हणाले, "पाटी उघडू नका. चुकली आहे. मला कळलं होतं, मी गप्प बसलो. ह्या पुस्तकांना तीन हात लागलेत. एक माझा, दोन हिचे."

लोक टाळ्या वाजवायला लागले. हे वाजवू शकत नाहीत, मी वाजवल्या नाहीत.

मी उठले, गठ्ठा दाबून धरला. त्यांनी दाभण घातली. मी दोरा इतका ताणला की तो बोटात रुतला, आणि तसाच धरून ठेवला.