चिंबोरीचे पाय

‘मधोमध गोल काढायचा, त्यात विषय लिहायचा. मग सुचतील तशा फांद्या फोडायच्या. क्रमाची घाई करायची नाही.’

बालवाडी शिक्षिकांच्या शिबिरातल्या बाईंचा आवाज राजेश्वरीच्या कानात अजून ताजा होता. बालवाडीतला एक पाठकोरा तक्ता तिने पुतळाआजीच्या ओटीवर पसरला, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि मधल्या गोलात लिहिले, ‘धवळे’.

“ही चिंबोरी कनाला काढलीस गो मास्तरीन?”

“खेकड्याला अजून पाय कुठं काढल्यात, आजी? ते तुमी सांगायचे.”

नेरूळ गावच्या या आळीत लग्नाचे धवळे सांगणारी पुतळाआजी एकटीच उरली होती. उद्या तिच्या नातीची, निशिगंधाची हळद. मांडवात आजीचा श्वास पुरला नाही तर सुनेने वाचून पुढे म्हणावे, म्हणून त्याच घरातली साताऱ्याकडची भाडेकरीण राजेश्वरी रोज ते गाणे उतरवून घ्यायला बसत होती. पण धवळा मधूनच धरायचा नाही, असा आजीचा नेम. आधी देवांना आवतण, मग गावाला, मग मांडव. सूर तुटला की पुन्हा पहिल्यापासून. रोज गावाच्या आवतणाशी येऊन आजी अडे आणि तिचा मुलगा हरेश आतून म्हणे, “आये, टेन्शन नको घेऊ. कॅसेट लावू आपन.” मग आजी ताटावर बसत नसे.

“आज गायचं न्हाई,” राजेश्वरी म्हणाली. “कायबी सांगा. उलटसुलट.”

“उलटा सांगू? पाप नाय लागनार?”

“मीबी नेमधरमाची हाय, आजी. देव काय क्रमानं थोडाच आठवतो?”

आजी खुदकन हसली. मग हळद दळणाऱ्या सवाष्णी आल्या, रुसलेला मामा आला, वरमाईच्या नाकावरच्या रागाचा एक पाय निघाला. ‘गाव’ या फांदीला बंदर फुटले, मिठागर फुटले, खाडीचा बांध फुटला.

“आन् मंग उंबर...”

आजी थांबली. पेन्सिलही थांबली. राजेश्वरी फांद्यांकडे बघत राहिली. ही तर वाट होती. आजी मनाने त्या वाटेवरून चालत होती आणि उंबरापाशी वाटच संपत होती. सेक्टरचा रस्ता झाला तेव्हा ते झाड तोडले गेले. आता तिथे रिक्षा उभ्या राहतात.

“आजी, तुमी इसरत न्हाई. तिथं थांबताय.”

आजीने तक्त्यावर बोट टेकवले.

“त्याला आवतन देल्याबिगर फुडं कशी जाव गो? आन् द्यावाचा कोनाला? डांबराला?”

“मी देऊन येते, उद्याच. तुमच्या नावानं. मग तर म्हनाल?”

आजीने तिच्याकडे निरखून पाहिले. मग पदर सारखा केला आणि खालच्या आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली. उंबर आला तसा सूर जरा घुटमळला, आणि पुढे गेला. राजेश्वरी भराभर फांद्यांवर क्रमाचे आकडे टाकत होती. हरेश दारात येऊन उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा आटोपून राजेश्वरीने हळदीत अक्षता कालवल्या, विड्याच्या पानावर सुपारी ठेवली. मार्केटमधून हमाली करून आलेला तिचा नवरा धनाजी पाय धूत होता.

“एवढ्या सकाळी कुठं गं?”

“लग्नाचं आवतान द्यायला.”

“कुनाला?”

“थोरल्यांना,” ती म्हणाली. चपला तिने दाराशीच ठेवल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि पान दोन्ही हातांत धरून रिक्षा स्टँडच्या दिशेने चालू लागली.