कोमट पाण्याची जागा

तिसऱ्या दिवशी आबांची राख सावडून झाली आणि दैवशालानं बापाच्या अस्थींचं पांढरं गाठोडं पोटाशी धरलं. भाऊबंद विसर्जनासाठी गंगाखेडला निघायच्या तयारीत होते, जीप दारात उभी होती.

"आबांना आपल्याच नदीत सोडायचंय," ती ग्यानबाकाकांना म्हणाली. "कोमट पाणी बघून सोड, म्हणाले होते."

ग्यानबा आबांचा जोडीदार. चाळीस वर्षं दोघांनी एकाच जाळ्याची दोन टोकं धरली होती. "आता कुठलं कोमट? कालच धरणाचं पाणी सुटलंय," तो म्हणाला. "मेल्यावर बी ह्या माणसाच्या खोड्या संपना गेल्यात!" पण जीपवाल्याला थांबायला सांगून, चपला हातात घेऊन तोच पुढं चालू लागला.

भर वैशाखात नदी काठोकाठ वाहत होती. दैवशालानं डावा पाय पाण्यात ठेवला. थंडी घोट्यातून वर चढली. आबांचीच ही रीत. जाळं टाकायच्या आधी ते डावा पाय पाण्यात बुडवून डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "हितं वाम मासा हाय," नाहीतर, "चला, हितं काय बी न्हाई."

धरणाखालच्या पाण्यावर त्यांचा राग होता. "वरचं पाणी धरणात उन्हाला लोळायलंय, अन् आपल्याला तळातलं धाडतेत, अंधारातलं. माशांना वाटतंय हिवाळा सरलाच न्हाई. अंडी घालतील कशी?" धरणात पाण्याचे थर होतात हे दैवशालानं पुढं पुस्तकात वाचलं. आता पूर्ण्याच्या शाळेत ती ते मुलांना शिकवायची. आबांच्या तळव्याला ते आधीच ठाऊक होतं.

दोघं काठाकाठानं चालत राहिले. दहा पावलं चालायचं, पाय बुडवायचा. थंड. पुन्हा थंड. ऊन पाण्यावर नाचत होतं आणि पलीकडचा काठ तरंगल्यासारखा दिसत होता. तिच्या मागं तिसरंही कुणी चालत होतं, ओल्या पायांनी, घाई न करता. तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते थांबलं असतं.

"डॉक्टर नाडी धरतो तसा पाय धरायलीस," ग्यानबा म्हणाला. "अगदी बापावर गेलीस."

ओढा नदीला मिळतो तिथं, खडकांच्या आड, तिचा पाय एकदम सैलावला. पाणी कोमट होतं, अंगणात तापत ठेवलेल्या घागरीतल्यासारखं. तिच्या डोळ्यांत इतका वेळ न आलेलं पाणी आलं. ती गाठ सोडायला खाली वाकली.

तेव्हा तिला दिसलं. पाण्यात एक तांबडा ढग हलत होता. माशांची शेकडो इवली पिलं एकमेकांना धरून वर येत होती, श्वास घेऊन खाली जात होती. त्यांच्याखाली मरळीची जोडी काळ्या सावल्यांसारखी स्थिर होती.

तिनं पाय हळूच मागं घेतला.

"ढवळू नको माय," ग्यानबा कुजबुजला. "पिलांच्या पाण्यात तुझा बाप सावली बी पडू देत नव्हता. सहा-सात वर्षांनी दिसायलेत ही."

नदी अजून चढत होती. दोन खडकांच्या फटीतून गार पाण्याची जीभ आत शिरत होती. तांबडा ढग त्या गारव्यापासून सरकत कोपऱ्यात गोळा झाला होता.

ग्यानबानं दगड उचलला. दैवशालानं गाठोडं वाळूवर ठेवून पदर खोचला. दोघं फटीत दगड रचत गेले, वर ओली वाळू थापत गेले. बांध उभा राहिला, तरी तळाशी मुठीएवढं भोक उरलं. वाळू टाकली की वाहून जायची.

दैवशाला गाठोड्याकडं पाहत बसली. मग ते उचलून बांधाच्या बाहेरच्या अंगाला उतरली. पाणी मांडीपर्यंत आलं. दात वाजू लागले. तिनं गाठ सोडली.

"आगं, तिथं लय गार हाय," ग्यानबाचा आवाज चिरकला. "त्यानं तुला..."

"आबा असते तर कुठं उभे राहिले असते, काका?"

ग्यानबानं उपरण्यानं तोंड पुसलं.

राख क्षणभर बांधाला बिलगली, मग लांबत गेली. तिनं रिकामा कपडा पिळून, घडी घालून भोकात दाबून बसवला. जीभ थांबली.

ती वर आली तेव्हा तिचे पाय निळसर पडले होते. आत पिलांचा ढग सावकाश उलगडत पुन्हा मधोमध येत होता.

"आतलं अजून कोमट असंल का?" ग्यानबानं विचारलं.

तिनं पाणी चाचपलं नाही. खडकावर हात टेकून ती बसून राहिली.

"आहे," ती म्हणाली.