पडद्याआड ऐकू येतं

मित्रांनो, ठाण्यातल्या एका इस्पितळात जिन्याखाली टाकून दिलेला जुना पडदा म्हणजे मी. लोखंडी चौकट, दुमडता येणारे तीन भाग, त्यांवर पांढरा मांजरपाट आणि खाली चाकं. कल्याणच्या एका कारखान्यात मला घडवलं. बायकांच्या वॉर्डात ड्रेसिंगच्या वेळी मला खाटेभोवती उभं करत. "हा आहे म्हणून बायकांची लाज राहते," असं उर्सुला सिस्टर म्हणायच्या आणि मी अगदी फुशारून जायचो.

पण माणसांचा एक गैरसमज मला कधीच दूर करता आला नाही. मला ओढलं, की आतल्या पेशंटला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. अहो, मी कापड आहे, भिंत नव्हे.

सत्त्याऐंशी साली दगडाबाई आली. चेंदणी कोळीवाड्यातली कोळीण, बाजारात मासळी विकणारी. मधुमेहानं तिचा पाय काळा पडला होता. ती आत, मी मध्ये आणि बाहेर डॉक्टर तिच्या मुलाशी, धाकूशी, बोलत होते.

"पाय कापावा लागेल. नाहीतर विष अंगभर पसरेल."

धाकू रडायलाच लागला. "नको, डॉक्टर. आयेला तशी नाय बघवणार माना. आनि तिला काय सांगू नका, ती घाबरंल."

आतून दगडाबाईचा आवाज आला, "माना इचारा की. म्हावरं मी हातान इकतंय, पायान नाय. कापा."

डॉक्टर आत डोकावून हसले. "आजी, आराम करा. घरच्यांशी बोलणं झालंय."

"मंग माज्या शेवंतीला इचारा. तिला माजं मन ठावं हाय."

शेवंती तिची लेक. दिवा गावाहून, सासरहून धावत आली. आईचं म्हणणं तिनं डॉक्टरांना सांगितलंही. पण लग्न झालेल्या लेकीचा शब्द कोण धरतो? "भावाला घेऊन या," असं उत्तर मिळालं, आणि भाऊ काही ऐकेना. माझा नुसता जीव तुटत होता. चाकं असूनही कुणी ढकलल्याशिवाय मला हलता येत नव्हतं.

ताप चढत गेला. दगडाबाईची शुद्ध हरपली, तेव्हा मात्र धाकू घाबरून आत आला. "आये, पाय कापू दे काय? सांग ना." हाच प्रश्न तिला हवा होता. आता तिला ऐकू येत नव्हतं.

मित्रांनो, माझं चाक मोडलं, कापड विरलं, त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते त्या उशिरा विचारलेल्या प्रश्नाचं. तुमच्या घरचं म्हातारं माणूस असं खाटेवर असेल, तर बाहेर उभे राहून ठरवू नका. आधी आत जा आणि त्यालाच विचारा, त्याला उत्तर देता येतं तोवर.