सोनीचं घराणं

देवणीत कोणालाबी विचारा, चंद्रप्पाच्या गोठ्यात वळूनं स्वतःची लेक कधी फळवली न्हाई. लेक वयात यायच्या आत मी वळू बदलायचो. घराणं राखायचं म्हंजे हेच. एवढं कळणारा माणूस मी, अन् लातुरात पोराच्या घरी येऊन मुका झालो.

माझा मल्लिनाथ लॅब्राडोरची पिल्लं विकतो. सोनी त्याची कुत्री. दीड वर्षात तीनदा व्याली बिचारी. तिसऱ्या वेळी बाहेरचा नर मिळंना, तर ह्यानं तिच्याच पहिल्या खेपेतला पोरगा तिच्यावर सोडला. मी समोरच चहा पीत बसलो होतो. गाय असती तर काठी घेऊन उठलो असतो. म्हणलं, कुत्रं तर हाय, त्याला काय होतंय! जळ्ळी माझी अक्कल.

परवा चाकूरची पूनम तिनं त्याच खेपेतलं नेलेलं पिल्लू परत घेऊन आली. "काका, सारखं भिंतीला धडकतंय. डॉक्टर म्हणले, जन्माचं आंधळं हाय." पोरगी रडत होती. मल्लिनाथ पिल्लाकडं बघंना. फोनवर कोणाला तरी सांगत होता, "सोनी पुढच्या महिन्यात माजावर येतीय, नर तयार ठेवा."

सोनी कोपऱ्यात पडली होती. नुसत्या फासळ्या. माझ्याकडं बघून तिनं शेपूट हलवली, अन् मला लई लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ बाहेर गेल्यावर तिला रिक्षात घातलं, जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं अन् तिची गर्भपिशवी काढून तिला घरी आणली. कागदावर सही माझी.

संध्याकाळी पोरानं घर डोक्यावर घेतलं. "अप्पा, काय केलंत हे! असली कुत्री हुडकून सापडत न्हाई. घराणं बुडवलंत तिचं!"

"घराणं?" मी आंधळं पिल्लू उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. "हे बघ घराणं. आई कोण अन् बाप कोण, सांग की मोठ्यानं!"

पिल्लानं हुंगत हुंगत त्याचा हात शोधला, चाटला. मल्लिनाथनं मान खाली घातली. हात मात्र त्यानं काढून घेतला न्हाई. मग खालीच बघत म्हणला, "मला काय कळतंय ह्यातलं, अप्पा? तुम्हाला कळत होतं. त्या दिवशी तुम्ही हितंच बसला होता की. का बोलला न्हाईत?"

मी सोनीच्या टाक्यांवर बसणारी माशी हाकलत राहिलो.