खो कोण देणार?

धनेशला विंगवरून मागे घ्यायचं मी ठरवलं, ते संघातल्या एकालाही पटलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मस्कतच्या गाला भागात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथे येणारा प्रत्येक जण मला अक्कल शिकवून जातो. ऐकून घ्यायचं आणि आपलं तेच करायचं, ही सवय मला फार जुनी आहे. आमचा संघ म्हणजे रत्नागिरी-रायगडकडची मंडळी. कुणी ड्रायव्हर, कुणी स्टोअरकीपर, निम्मे हिंदू, निम्मे आम्ही मुसलमान. शुक्रवारची नमाज आणि जेवणं आटोपली की सगळे नुसते फुटबॉलवाले. ओरडायचं काम माझं, म्हणून मला कोच म्हणतात.

धनेश लांज्याकडचा, मस्कतमध्ये एसी दुरुस्त करतो. गावी तो खो-खो खेळायचा, जिल्ह्याच्या संघात होता. फुटबॉल इथे येऊन शिकला, तोही अर्धामुर्धा. पण पळायचा असा, की बघणाऱ्याच्या हातातला चहा हातातच राहावा. डाव्या विंगवर, म्हणजे पार पुढे कडेला, उभा असायचा. बॉल पुढ्यात टाकला की सुटला. अडचण एवढीच, की आता हे सगळ्या संघांना माहीत झालं होतं. दोन-दोन जण त्याला चिकटून राहायचे. बॉल यायचा तेव्हा त्याची पाठ गोलकडे, आणि पळायला वीतभर जागा नाही. जागा नसली की धनेश तुमच्या-माझ्यासारखाच.

त्यात आमचा डावा फुलबॅक बदली होऊन सलालाला गेला. बचावाच्या रांगेत कडेला उभा राहणारा तो माणूस. मी म्हटलं, धनेशला तिथे आणू. सगळं रान त्याच्या पुढ्यात मोकळं राहील. समोर उभ्या असलेल्याला चिकटता येतं, मागून धावत येणाऱ्याला कोण चिकटणार? विचार सोन्यासारखा होता. माती केली ती माझ्या तोंडाने. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी घाईघाईत फोन केला आणि म्हणालो, "धन्या, या शुक्रवारी तुला मागे बसवतोय." फोन ठेवून दिला.

आता खेळात एखाद्याला बसवलं म्हटलं, की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. बाकावर बसवलं. संघाबाहेर काढलं. धनेश सरावाला आला नाही. फोन उचलला नाही. माझं डोकं फिरलं. शुक्रवारी उपांत्य सामना, समोर ज्यांचं बघून आम्ही खेळायला शिकलो ते केरळवाले, आणि साहेब रुसून बसलेत. मी माझ्या भाच्याला, रेहानला, गाडीत घातलं आणि अल मवालेहला गेलो.

तिथे एका मित्राच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये धनेश महिन्याभरासाठी राहत होता, कारण त्याची बायको सुगंधा आणि मुलगी रेवा व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. मुलगी पहिल्यांदाच आलेली. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, नजर मांजरीसारखी सावध. आम्ही बसलो तशी ती आईच्या मागे सरकली आणि कुजबुजली, "आई, त्यांना विचार, चहा आत्ता करायचा का?"

त्यांना म्हणजे बापाला. बाप तीन हातांवर बसलेला होता. मी धनेशकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

मग तो मला गॅलरीत घेऊन गेला आणि सगळं बोलला. फोनवर ती बाबा, बाबा करते, गोष्टी सांगते, भांडतेसुद्धा. पण विमानतळावर समोर उभी राहिली आणि गप्प झाली. तेव्हापासून एकदाही बाबा म्हणाली नव्हती. जे काय विचारायचं ते आईच्या मार्फत, आणि ते, त्यांना, त्यांचं. तिची चूक नाही, तो म्हणाला. दोन वर्षांतून एकदा येणारा पाहुणाच की तो. पण त्याने गोल मारल्याचे व्हिडिओ ती शाळेत सगळ्यांना दाखवते, हे त्याला ठाऊक होतं. शुक्रवारी तिच्यासमोर एक गोल मारायचा, आपण फोनमधला तोच माणूस आहोत हे तिला दिसेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. "आणि तुम्ही मला बसवलंत, कासमभाई," तो म्हणाला.

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जास्तच ओरडतो. मी म्हटलं, अरे गाढवा, बाकावर नाही, फुलबॅक म्हणून. तो म्हणाला, मागे ते मागेच. फुलबॅक कधी गोल मारतो का? लोक त्याच्याकडे बघतात तरी का? फुलबॅककडे खरंच कुणी बघत नाही.

आम्ही आत आलो. सुगंधाने विचारलं, काय ठरलं. धनेश कडवट हसला आणि मुलीकडे बघून म्हणाला, "काही नाही. कासमचाचांनी मला बसवलंय."

रेवाने क्षणभर विचार केला आणि आईचा पदर ओढला. "आई, त्यांना विचार ना. मग त्यांना खो कोण देणार?"

ती चेष्टा करत नव्हती. तीही शाळेत खो-खो खेळत होती, आणि तिच्या खेळात बसलेला माणूस बाहेर काढलेला नसतो. तो ऐन मैदानाच्या मध्ये, टाचा उचलून, कान टवकारून बसलेला असतो. खो मिळाला की उठतो आणि सुसाट जातो. खो देणारा त्याच्या जागी बसतो. सगळा खेळ बसलेल्यांच्या जिवावर चालतो. मला खो-खोतलं फार कळत नाही, पण एवढं कळलं. मी आठवडाभर ज्या गोष्टीसाठी शब्द शोधत होतो, ती या पोरीने चहाच्या आधी सांगून टाकली.

धनेश उठून चपला घालायला लागला. "रेहान, खाली चल," म्हणाला.

इमारतीमागच्या वाळूत त्याने रेहानला खो-खो शिकवला. रेहान मस्कतमध्येच जन्मलेला, इंडियन स्कूलमध्ये शिकलेला, मराठी बोलताना दर शब्दाला ठेचकाळणारा. त्याने हा खेळ नुसता ऐकला होता. धनेशच्या जागी आता डाव्या विंगवर तो खेळणार होता. ठरलं असं: रेहान बॉल घेऊन मध्ये वळणार, त्याला चिकटलेले त्याच्यामागे जाणार, कडेची वाट मोकळी होणार. मग रेहान ओरडणार, खो. धनेश मागून उठून त्या वाटेने जाणार, आणि रेहान मागे येऊन त्याची जागा राखणार. रेवा पायरीवर बसून सगळं बघत होती. तिला एकच गोष्ट खटकली, आणि ती तिने आईला सांगितली. खो पाठीमागून देतात. हा पुढून देतोय.

फुटबॉलात चालतो, असं मी दरडावून सांगितलं. तिला काही ते पटलं नाही.

शुक्रवारी ऊन उतरल्यावर खेळ सुरू झाला. मागे ते उघडे तपकिरी डोंगर, मैदानाच्या कडेला आमची बायकापोरं चटया टाकून बसलेली. डाव्या कडेला, आमच्या अर्ध्यात, सुगंधा आणि रेवा. पहिल्या अर्ध्यात धनेशने मला म्हातारं करून सोडलं. मुलगी बघतेय, हे त्याच्या डोक्यातून जाईना. रेहानकडे बॉल आला रे आला, की हा निघाला. न थांबता, न ऐकता. अशाच एका खेपेला बॉल हुकला, मागे त्याची जागा उघडी पडली, आणि केरळवाल्यांनी तिथूनच येऊन आरामात गोल केला. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

मध्यंतरात तो मान खाली घालून पाणी प्यायला आला. मी तोंड उघडणार, एवढ्यात चटईवरून रेवाचा आवाज आला. आईलाच सांगत होती, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "खो मिळायच्या आधीच उठले. फाऊल आहे तो."

धनेशने पाणी खाली ठेवलं. माझ्याकडे याहून चांगलं काही सांगायला नव्हतं.

बाजू बदलल्या तशी सुगंधाने चटई उचलून पुन्हा आमच्या गोलजवळ, डाव्या कडेच्या कोपऱ्याशी टाकली. दुसऱ्या अर्ध्यात तो बसला. उभाच होता, पण बसला होता हे मला दिसत होतं. गुडघे किंचित वाकलेले, अंगाचा भार चवड्यांवर, डोळे रेहानवर. रेहान बॉल घेऊन जाई, अडे, परत येई, धनेश हलत नसे. कुणीतरी ओरडलं, जा रे. तो गेला नाही. वेगवान माणसाला पळू नको म्हणणं ही किती मोठी मागणी असते, ते मला त्या दिवशी कळलं.

खेळ संपत आला. रेहान मध्ये वळला, त्याच्या अंगावरचे दोघे त्याच्यामागे गेले आणि तो ओरडला, "खो."

धनेश उठला.

मी इथे पुष्कळ फुटबॉल पाहिला आहे. असं कुणाला उठताना पाहिलं नव्हतं. एका जागी असलेला माणूस पुढच्या क्षणी तिथे नव्हताच. कडेची सगळी वाट त्याने खाऊन टाकली, बॉल आत मारला, आमच्या सकलैनने डोकं लावलं आणि बॉल दांडीवर आपटून उलटा आला. केरळवाल्यांनी तो पकडून सरळ आमच्या गोलकडे धाव घेतली. रेहान शिकवल्याप्रमाणे जागेवर आला होता, पण त्याला चकवलं आणि तो पडला. मी डोळे मिटणार होतो. तेवढ्यात दिसलं, की धनेश परत येतोय. जेवढा गेला होता तेवढाच, तेवढ्याच वेगाने. गोलच्या तोंडाशी त्याने पाय घातला आणि बॉल काढून घेतला.

आता बॉल त्याच्या पायात, समोर सगळं मैदान रिकामं, केरळवाले पार पुढे आलेले. आणि तो थांबला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. रेहान जमिनीवर पालथा, त्याच्या तोंडून आवाज निघत नव्हता. खो द्यायला कुणीच नव्हतं. मी ओरडायला रेषेकडे धावलो.

त्याच्या पाठीमागून, चटईवरून आवाज आला.

"बाबा, खो!"

तो कसा गेला, हे मला सांगता येणार नाही. मी फक्त "या अल्ला" म्हणालो आणि बघत राहिलो. तिघे त्याच्या आडवे आले, ते नंतर मला इतरांनी सांगितलं. मला तो एकटाच दिसत होता. गोलपाशी पोचल्यावर तो स्वतः मारू शकला असता. त्याने बॉल सकलैनकडे सरकवला, आणि सकलैनने तो रिकाम्या जाळ्यात ढकलला. सगळे सकलैनवर जाऊन पडले. धनेश मात्र वळला आणि धापा टाकत मागे यायला लागला, आपल्या जागी.

पुढे पेनल्टींवर आम्ही हरलो. लोकांना हळहळ वाटली, मला नाही. माझं मन भरलं होतं. धनेश कडेला येऊन वाळूत आडवा झाला. रेवा पाण्याची बाटली घेऊन गेली. आई उठायला लागली, तर तिला हाताने थांबवून एकटीच गेली, आणि त्याच्या डोक्याशी उकिडवी बसली. काहीतरी तिला सलत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "बाहेरच्या माणसाने दिलेला खो चालतो का रे?"

धनेशने हाताने डोळे झाकून घेतले. शेवटी मीच सांगितलं, चालतो म्हणून.