चढलेल्या भुवया

"सर, हनुवटी खाली."

"खालीच आहे."

"तुमच्या मते," असं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ती दोन बोटांनी खाली केली. सरांसमोरची खोली नाहीशी झाली.

"पापण्या उतरल्यात. म्हणून तुम्ही भुवया ताणून, मान मागे टाकून बघता. वयानं होतं. काहींना जन्मापासून असतं. आपल्या शाळेच्या ग्रंथालयातल्या बाईंना होतं, बघा." डॉक्टरीणबाई सरांचीच विद्यार्थिनी. "काय हसायचो ना आम्ही, सर."

सरांनी घसा खाकरला.

'सुपरसिलियस' हा इंग्रजी शब्द सरांनी आयुष्यभर शिकवला. 'प्राउड' माणूस स्वतःवर खूश असतो, त्याचा शेजाऱ्याला त्रास नाही. 'सुपरसिलियस' माणूस भुवया चढवून शेजाऱ्याला कस्पटासमान लेखतो. एवढं सांगून सर स्वतःच्या भुवया कपाळात चढवत, हनुवटी उचलत आणि खुर्चीपासून फळ्यापर्यंत चालून दाखवत. कोण ते वर्ग लगेच ओळखी. हसून हसून मुलं बाकाखाली जात. शब्द कुणीही विसरलं नाही. बाईंचं खरं नाव मात्र सगळे विसरले. त्या 'सुपरबाई' झाल्या. पुढे त्या शिक्षकांच्या खोलीत चहाला यायच्या बंद झाल्या, तेव्हा सरांनी बशीत चहा ओतत म्हटलं होतं, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

दवाखान्यातून सर घरी गेलेच नाहीत.

ग्रंथालयातल्या बाईंनी घराचं दार उघडलं, हनुवटी उचलून. सरांनीही उचलली. दोन संस्थानिक तहाला भेटावेत तसे दोघं उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"तुम्हालाही का?" बाईंनी विचारलं.

"अलीकडे."

"वर्गात करून दाखवायचात तेव्हा मान फार मागे टाकायचात. इतकी नाही लागत. उगाच दुखेल."

"तुम्ही बघितलं होतंत?"

"ग्रंथालयाची खिडकी तुमच्या फळ्यासमोरच होती, सर."

माफीची वाक्यं सरांनी रिक्षात घोकली होती. चांगली, व्याकरणशुद्ध. त्यांनी मान खाली घातली. पापण्या पडल्या आणि बाई दिसेनाशा झाल्या.

"बाई, मी…"

"वर बघा आधी," समोरच्या अंधारातून आवाज आला. "उंबरठा उंच आहे. अडखळाल."

सरांनी मान वर केली नाही. ते चपला काढून पायानंच उंबरठा चाचपत राहिले.