तीन वार

लिलाव पुकारणाऱ्याला बाजारात सगळे भोंगा म्हणत. त्याची हाक फळांच्या पेट्यांवरून थेट फाटकापर्यंत जायची, आणि त्या आवाजावरच घर चालायचं. बोली पटली की तो मान हलवायचा. भोंग्याची मान हलली म्हणजे सौदा पक्का, मग देव आला तरी मोडायचा नाही. तीच मान शेवटी त्याच्यावर उलटली. मणके झिजले, मान ठणकायला आणि उजवा हात बधिर पडायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी मणक्यांमधली खराब चकती काढून नवी बसवायचं सुचवलं. धोकेही सांगितले. जखम चिघळू शकते, चकती सरकू शकते, भोवती हाड वाढून ती जाम होऊ शकते. प्रत्येक धोक्याला भोंगा मान हलवत होता. ऐकलं म्हणून हलवतोय की सौदा पटला म्हणून, हे शेजारी बसलेल्या बायकोलाही कळेना.

"आणि आवाज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गळ्याच्या पुढून जावं लागतं. तिथली नस दुखावली तर आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो."

"बहुतेकांचा?" बायकोने विचारलं.

पण भोंग्याची मान हलून गेली होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, अजून नाही म्हणता येतं, दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. तो हसला. "मान हलली ना? मग झालं." असल्या अडेलपणाला कुठलं औषध लागू पडतं?

ऑपरेशनच्या दिवशी ट्रॉलीवर पडल्या पडल्या त्याने पुकारा केला, "एक वार, दोन वार..." वॉर्डबॉय हसले. तिसरा वार दाराआड गेला. तिला तो ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी बोटांना चिमटा कळायला लागला. हात सुटला होता, आवाज मात्र बसला होता. काही आठवडे लागतील, कधी महिनेही लागतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि नाहीच आला तर, हे विचारायला बायकोची जीभ रेटेना.

दुपारी धाकट्या दिराचा फोन आला. भोंग्याच्या जागी तो पुकारत होता आणि कुणी त्याला भीक घालत नव्हतं. दादा कधी येणार, त्याने विचारलं. तिने फोन नवऱ्याच्या तोंडाशी धरला.

भोंग्याने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "एक वार."

"हॅलो? वहिनी, आवाजच येत नाहीये. दादाला द्या ना फोन."

भोंगा फोनकडे बघत मान हलवत राहिला. ती आता जराही दुखत नव्हती.